डबा कुठे आहे?

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्याची राजधानी हॅरिसबर्ग. घरातल्या बंदुका कुलपात ठेवण्याविषयीच्या विधेयकांवर तिथे अधूनमधून सुनावण्या होतात. ट्रॉमा सर्जन, म्हणजे गंभीर जखमींवर शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर, म्हणून त्या सुनावण्यांमध्ये मी पुढची हकीकत आतापर्यंत चार वेळा सांगितली आहे आणि चारही वेळा तिच्यातले एक वाक्य गाळले आहे. साक्षीदाराला जेमतेम पाच मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात स्वतःची चूक सांगायला वेळ उरत नाही, अशी मी माझी समजूत घालत आले. लिहिताना ती सबब चालत नाही.

मी मूळची नागपूरची. एमबीबीएस तिथे, एमएस मुंबईत, आणि अमेरिकेत येऊन तेच शिक्षण पुन्हा पहिल्या इयत्तेपासून. २०११ पासून मी पेन्सिल्व्हेनियातल्याच फिलाडेल्फिया शहरात आहे. मुंबईत निवासी डॉक्टर असताना लोकलखाली सापडलेले हातपाय इतके पाहिले की रुळांवरचा अपघात ही मला आजाराचीच एक जात वाटू लागली होती. गोळी लागलेला रुग्ण मात्र त्या सगळ्या वर्षांत दोनदाच पाहिला. फिलाडेल्फियात हा आकडा पहिल्या आठवड्यातच मागे पडला. पुढे २०२१ साली या एका शहरात ५६२ खून झाले, आणि शहराच्या नोंदीत तो उच्चांक ठरला.

आमच्या कामातल्या काही गोष्टी बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळणार नाहीत. या शहरात गोळी लागलेल्यांपैकी पुष्कळ जण रुग्णवाहिकेतून येतच नाहीत. पोलीस त्यांना आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर घालून थेट आणतात. ही पद्धत १९८० च्या दशकापासून चालत आली आहे. तिच्यात सलाइन नाही, स्ट्रेचर नाही, फक्त वेग आहे, आणि छातीपोटात गोळी लागलेल्या माणसाला बहुधा वेगाचीच गरज असते. रुग्ण टेबलावर आला की आम्ही आधी छिद्रे मोजतो. छिद्रे आणि एक्स-रेत दिसणाऱ्या गोळ्या यांची बेरीज सम यावी लागते. विषम आली तर काही तरी नजरेतून सुटले आहे असे समजायचे आणि काखेत, जांघेत, केसांत पुन्हा शोधायचे. प्रत्येक छिद्राशेजारी पेपर-क्लिप चिकटवून मगच एक्स-रे काढायचा, म्हणजे गोळीचा मार्ग डोळ्यांसमोर उभा राहतो. गोळी कुठून शिरली आणि कुठून बाहेर पडली हे मी कागदावर कधीही लिहीत नाही; आम्हा सर्जनांचा तो अंदाज अनेकदा चुकतो आणि चुकलेला अंदाज न्यायालयात पुरावा होऊन बसतो. कपडे कापताना कात्री छिद्रातून न्यायची नाही, आणि ते कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत न भरता कागदी पिशवीत भरायचे. काढलेली गोळी स्टीलच्या ट्रेमध्ये टणकन टाकण्याची पद्धत सिनेमातली आहे. तसे केल्यास तिच्यावरच्या खुणा बिघडतात. बहुतेक गोळ्या तर आम्ही शरीरातच राहू देतो. नातेवाइकांना हे पटवताना जितका घाम निघतो तितका कधी कधी शस्त्रक्रियेतही निघत नाही.

तरुण रेसिडेंटना या कामाची एक नशा असते. नाडी बंद पडलेल्या माणसाची छाती डाव्या बाजूने उघडून हृदय हातात घेण्याची संधी मिळाली की पुढचे तीन दिवस ते जमिनीवरून चालत नाहीत. गोळी लागलेल्यांपैकी या उपायाने वाचणारे शंभरात चार-पाच असतात, हे त्यांना पुस्तकातून ठाऊक असते. मी त्यांना हसत नाही. त्या वयात मीही तशीच होते, आणि ऑक्टोबरातल्या त्या दुपारी मी काही त्या वयाची नव्हते, तरीही तशीच होते.

२०१६ सालचा ऑक्टोबर, शनिवार. शहरापासून दूरच्या एका लहान गावातून सतरा वर्षांच्या मुलाला हेलिकॉप्टरने आणले. त्याचे वडील स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नऊ मिलिमीटरचे पिस्तूल साफ करायला बसले होते. त्यांनी मॅगझीन, म्हणजे गोळ्या भरलेला भाग, काढून बाजूला ठेवले आणि पिस्तूल रिकामे झाले असे धरले. पण एक गोळी आधीच चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, चढलेली होती, आणि मॅगझीन काढल्याने ती काही खाली उतरत नाही. बंदूक बाळगणाऱ्या प्रत्येकाला ही चूक पाठ असते आणि तरीही ती होतच राहते. मुलगा फ्रिजमधून दूध काढत होता. गोळी त्याच्या डाव्या मांडीतून मधोमध आरपार गेली. हाड वाचले, पण मुख्य धमनी आणि तिला खेटून जाणारी मोठी शीर दोन्ही तुटल्या. गावातल्या पोलिसाने मांडीच्या वरच्या भागावर टूर्निके, म्हणजे रक्त थांबवणारी पट्टी, आवळून तिच्यावर मार्करने वेळ लिहिली होती: १:१०. २०१२ साली सँडी हुकच्या शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेल्यानंतर कनेक्टिकटमधील ट्रॉमा सर्जन लेनवर्थ जेकब्ज यांच्या पुढाकाराने रक्तस्राव थांबवण्याचे शिक्षण पोलिसांपर्यंत आणि सामान्य माणसांपर्यंत नेण्याचे काम सुरू झाले. त्या दुपारी ते माझ्यासमोर एका मांडीवर आवळलेले होते. मुलगा जगला तो आधी त्या पोलिसामुळे. माझी पाळी नंतरची.

मुलगा माझ्या टेबलावर आला तेव्हा दोन वाजून गेले होते. पायाचे स्नायू रक्ताविना साधारण सहा तास तग धरतात. त्यापुढे पाय जिवंत राहिला तरी निरुपयोगी होतो. म्हणून आधी धमनीच्या दोन्ही तुटक्या टोकांत प्लॅस्टिकची एक बारीक नळी बसवली आणि रक्त खाली सोडले. पांढराफटक तळवा हळूहळू गुलाबी होत गेला आणि मला श्वास घ्यायला वेळ मिळाला. मग उजव्या पायातून, म्हणजे धडधाकट पायातून, त्वचेखालची लांब शीर काढली. जखमी पायातली ती शीर घेत नाहीत, कारण मोठी शीर तुटलेली असताना त्या पायाचे रक्त परत नेण्याचे काम तिलाच करायचे असते. शिरेच्या आत झडपा असतात आणि त्या रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात. म्हणून धमनीच्या जागी जोडताना तिची दिशा उलटावी लागते. हे विसरणारा माणूस सगळे टाके सुरेख घालतो आणि शेवटी रक्त का जात नाही म्हणून घड्याळाकडे पाहत बसतो. मी दोन्ही टोके तिरकी कापली, केसाएवढ्या बारीक दोऱ्याने परिघावर एकेक टाका घेत गेले, आणि शेवटची गाठ बसण्याआधी क्लॅम्प क्षणभर सैल करून आतली हवा आणि गुठळ्या बाहेर जाऊ दिल्या. मोठी शीरही नुसती बांधून न टाकता शिवली. पुन्हा रक्त मिळालेले स्नायू सुजतात आणि आपल्याच आवरणात गुदमरून मरतात, म्हणून पोटरीवर दोन्ही बाजूंनी लांब चिरा देऊन चारही कप्पे मोकळे केले. पाऊण तास बाकी असताना घोट्यापाशी बोट ठेवले तेव्हा नाडी लागली. नाडी ऐकण्याच्या डॉपलर यंत्राची गरजच पडली नाही. हे काम सुंदर झाले होते, आणि तसे म्हणायला मला आजही संकोच वाटत नाही.

वडील बाहेर बसले होते. शेहेचाळिशीचा, रुंद हाडाचा, सुतारकाम करणारा माणूस. नखांच्या कडांना अजून पिस्तुलाचे तेल होते. पाय राहील, असे मी सांगितले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. ते दोन-तीन वाक्ये बोलले आणि मी त्यांना धीर दिला.

गोळीच्या धक्क्याने मांडीमागचा मज्जातंतू दुखावला होता, त्यामुळे मुलाचा पंजा लोळत राहिला. बुटात घालायची प्लॅस्टिकची पट्टी देऊन अकराव्या दिवशी आम्ही त्याला घरी पाठवले. घरी पाठवताना भरायच्या कागदांत आम्ही काय काय विचारतो? जखम कोण धुणार, रक्त पातळ ठेवण्याची गोळी परवडते का, घरात जिने किती, धूम्रपान करता का, दारू किती, घरी परतायला गाडी आहे का. पिस्तूल पोलिसांनी नेले होते. मला वाटले, तो विषय तिथे संपला.

२०१७ सालचा जून, रात्रीचे दोन. एका पुरुषाला डोक्यात गोळी लागलेल्या अवस्थेत आणले; स्वतःच झाडून घेतलेली. ओळख पटेपर्यंत आमच्याकडे प्रत्येकाला संगणक एक खोटे नाव देतो, त्या नावाने तो नोंदवला गेला. चेहऱ्यावर पट्ट्या होत्या. हृदय चालू होते, बाहुल्या प्रकाशाला दाद देत नव्हत्या, आणि न्यूरोसर्जनने सीटी पाहून माझ्याकडे नुसते पाहिले. अशा वेळी माझे काम टेबलापाशी संपते आणि दालनाच्या टोकाला असलेल्या त्या खोलीत सुरू होते, जिथे टिश्यूचे खोके आणि समुद्रकिनाऱ्याचे चित्र असते.

खोलीत एक बाई आणि एक तरुण होता. तरुण उठून माझ्या दिशेने दोन पावले आला. ती दोन पावले मी त्याच्या चेहऱ्याच्या आधी ओळखली; डावा गुडघा किंचित वर उचलून टाकलेले पाऊल आणि बुटातून पोटरीवर आलेली पांढरी पट्टी. तो आईकडे वळून म्हणाला, "आई, ह्याच त्या पायाच्या डॉक्टर." माझे अभिनंदन केल्यासारखा त्याचा स्वर होता. मी काय सांगायला आले आहे ते अजून कोणालाच कळले नव्हते, आणि आत कोण आहे ते मलाही त्याच क्षणी कळले.

ते सांगून झाल्यावर, मेंदू मृत झाल्याची खात्री करणाऱ्या दुसऱ्या तपासणीपर्यंत थांबायचे ठरल्यावर, पहाटे तीनच्या सुमारास त्या बाईंनी मला एक प्रश्न विचारला. "घरात अजून तीन आहेत. उद्या मी मुलाला त्याच घरात घेऊन जाणार. त्यांचं मी काय करू?"

आमच्या विभागात आतड्याच्या प्रत्येक इंचासाठी नियमावली आहे. रक्त, प्लाझ्मा आणि प्लेटलेट कोणत्या प्रमाणात द्यायचे, पोट किती तास उघडे ठेवायचे, कोणते अँटिबायोटिक कितव्या मिनिटाला जायला हवे, हे भिंतीवर लावलेले आहे. चिघळलेली शस्त्रक्रिया अर्धवट थांबवून रुग्णाला आधी ऊब देण्याच्या पद्धतीला 'डॅमेज कंट्रोल' हे नाव याच शहरातल्या सर्जनांनी १९९३ साली दिले, त्याचा अभिमान आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो. त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या इमारतीत कोणाकडेही नव्हते. समाजसेविकेने एक पत्रक शोधून काढले, ते घरगुती हिंसाचाराविषयीचे निघाले. रात्रीच्या पर्यवेक्षकांनी, हे आपल्या कक्षेत येत नाही, असे अतिशय सभ्य भाषेत सांगितले. शेवटी मी एका भूलतज्ज्ञ सहकाऱ्याला झोपेतून उठवले. ते राज्याच्या मध्यभागातल्या डोंगराळ गावात वाढलेले. तिथे हरणांच्या शिकारीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होत असे आणि शाळांना त्या दिवशी सुट्टी असे. त्यांच्या घरी बंदुकांचे लोखंडी कपाट आहे, आणि त्यावरून आमचे जेवणाच्या वेळी अनेकदा वाजले होते. त्यांनी एक वाक्यही वाया न घालवता सांगितले की पिस्तूल शेजाऱ्याच्या हाती तसेच देऊन चालणार नाही, ते हस्तांतर परवानाधारक दुकानदारामार्फत किंवा काउंटीच्या शेरिफमार्फतच करावे लागते. लांब बंदुकांचे नियम वेगळे आहेत. सकाळपर्यंत सगळे एका कपाटात बंद करून किल्ली घराबाहेर जाऊ द्या. मग फोन त्या बाईंना द्यायला सांगून ते तिच्याशी पंचवीस मिनिटे बोलले. त्या रात्री या कुटुंबाच्या कामी आलेला डॉक्टर तो एकटा.

आता गाळलेले वाक्य.

ऑक्टोबरातल्या त्या संध्याकाळी माझे हात धरून मुलाचे वडील म्हणाले होते, "त्या आता मला घरात नकोत." 'ते' नाही, 'त्या', इंग्रजीतही त्यांनी अनेकवचनच वापरले होते. पोलिसांनी नेलेले पिस्तूल एक होते. ज्या माणसाने तासाभरापूर्वीपर्यंत आपण मुलगा मारला असे मानले होते तो मला सांगत होता की घरात आणखी बंदुका आहेत आणि त्यांची त्याला भीती वाटते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता फक्त मुलाचा विचार करा." नाडी अजून माझ्या बोटाला लागत होती. मला दुसरे काही ऐकू येत नव्हते.

मला हे माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. नागपूरहून एमबीबीएस झाल्यावर बाँडची सेवा मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात केली. आठवड्यातून एखादा तरी रुग्ण असा यायचा ज्याने 'औषध पेलं' असायचे. तिथे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, तोंडातून फेस, लसणासारखा उग्र वास, आणि छाती कोरडी होईपर्यंत ॲट्रोपिनची एकामागून एक इंजेक्शने फोडणारी आमची बोटे. तिथल्या वयस्क सिस्टर नातेवाइकांना दारातच गाठून विचारायच्या, "डबा कुठी हाय?" डब्यावरचे नाव पाहून उपचार ठरतो, म्हणून हा प्रश्न सगळीकडेच विचारतात. पण सिस्टरांचा दुसरा प्रश्न कुठल्याही पुस्तकात नव्हता. रुग्ण वाचला की घरी सोडताना त्या मोठ्या भावाला किंवा सासऱ्याला बाजूला घ्यायच्या: "घरी अजून औषध हाय का? हाय तं किल्ली कोणापाशी हाय?" आणि उत्तर मिळाल्याशिवाय सुट्टीच्या कागदावर सही करायला माझ्यापुढे ठेवायच्या नाहीत. मला तेव्हा तो त्यांचा चोंबडेपणा वाटायचा. दोन खाटा मोकळ्या करायच्या असायच्या.

पुढे मी वाचले की श्रीलंकेने सर्वांत जहाल कीटकनाशकांवर १९९५ आणि १९९८ साली बंदी घातली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर जवळजवळ निम्मा झाला. माणसांची दुःखे काही निम्मी झाली नव्हती. हाताशी असलेले विष सौम्य झाले होते. ह्यूस्टनमध्ये मरता मरता वाचलेल्या तरुणांना संशोधकांनी विचारले, तेव्हा त्यांच्यातल्या जवळपास चौथ्या हिश्श्याने सांगितले की ठरवणे आणि करणे यांत पाच मिनिटेही गेली नव्हती. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी नऊ जण पुढे त्या मार्गाने मरत नाहीत. बंदुकीने केलेला प्रयत्न मात्र दहांत नऊ वेळा जीव घेतो, त्यामुळे त्या पाच मिनिटांनंतर पुढचे आयुष्य येतच नाही. यवतमाळच्या सिस्टरांनी यांतला एकही आकडा वाचलेला नव्हता.

फ्लोरिडा राज्याने २०११ साली असा कायदा केला होता की डॉक्टरने रुग्णाला बंदुकीविषयी विनाकारण विचारल्यास त्याचा परवाना धोक्यात येईल. २०१७ सालच्या फेब्रुवारीत अपील न्यायालयाने त्यातली मुख्य कलमे रद्द केली. हा दाखला मी भाषणांत वापरते आणि श्रोते चुकचुकतात. पण तो कायदा फ्लोरिडाचा होता. पेन्सिल्व्हेनियात मला कोणी अडवलेले नव्हते. मला सुचलेच नाही.

त्या जूननंतर मी या चळवळीत शिरले, आणि शिरल्यावर कळले की इथली वीस वर्षे कशी वाया गेली होती. १९९६ साली अमेरिकी काँग्रेसने रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजपत्रकात एक वाक्य घातले: दुखापतींसाठीचा निधी बंदूक-नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरता येणार नाही. वाक्यात संशोधनाला बंदी नव्हती, पण त्याच वेळी २६ लाख डॉलर कापले गेले. केंद्र बंदुकीवरच्या संशोधनावर तेवढेच खर्च करत होते. इशारा सगळ्यांना समजला. ते कलम ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या जे डिकी यांनी २०१२ साली, ज्या मार्क रोझेनबर्ग यांच्या विभागाचे पैसे कापले गेले होते त्यांच्याच जोडीने लेख लिहून हे संशोधन व्हायला हवे असे सांगितले. तरी पैसे मिळायला २०१९ चा डिसेंबर उजाडला: २ कोटी ५० लाख डॉलर. मोटार अपघातांवर याच देशाने दशकानुदशके संशोधन केले, सीटबेल्ट आणले, रस्त्यांची वळणे बदलली, आणि तेवढ्यासाठी कोणाची मोटार काढून घेतली नाही.

२०१८ सालच्या नोव्हेंबरमध्ये बंदूकधारकांच्या राष्ट्रीय संघटनेने डॉक्टरांना 'आपल्या लेनमध्ये राहा' असे जाहीरपणे सुनावले, तेव्हा देशभरच्या सर्जनांनी आपापले रक्ताळलेले कपडे आणि बूट दाखवून उत्तर दिले. त्यांतला सर्वांत ठाम आवाज जोसेफ साक्रन यांचा होता. १९९४ साली, सतरा वर्षांचे असताना, एक भरकटलेली गोळी त्यांच्या गळ्यात घुसली होती. वाचल्यावर ते ट्रॉमा सर्जनच झाले. मीही माझ्या बुटांचे छायाचित्र टाकले. हजारो लोकांनी ते पाहिले. ते रक्त रस्त्यावरच्या गोळीबारातले होते, आणि छायाचित्र टाकताना मला जाणवले होते की त्या सुताराच्या मृत्यूचे असे कोणतेही छायाचित्र निघू शकत नाही.

आकड्यांत पाहिले तर त्याचाच मृत्यू अधिक प्रातिनिधिक आहे. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. मराठी मंडळाच्या गणपतीत भेटणारी माणसे मला दरवर्षी काळजीने विचारतात, "पण हे सगळं त्या वस्त्यांमध्येच होतं ना?" त्या वस्त्यांमध्ये जे होते ते भयंकरच आहे आणि त्याची कारणे गरिबीत आणि वर्णभेदात आहेत, पण हा प्रश्न विचारणाऱ्याला माहिती नको असते, दिलासा हवा असतो. मोठ्या अंगणाच्या शांत घरात, कपड्यांच्या कपाटातल्या वरच्या फळीवर काय असते, हे मी सांगू लागले की मोदकाचे ताट पुढे येते.

विधिमंडळातही याहून फार वेगळे घडत नाही. या राज्यात शहरांना बंदुकीविषयी स्वतःचे कायदे करता येत नाहीत. फिलाडेल्फियाने अनेकदा प्रयत्न केले आणि २०२४ सालच्या नोव्हेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराविरुद्धच निकाल दिला. म्हणून हॅरिसबर्गला जावे लागते. एका सदस्यांनी मला अत्यंत सौजन्याने विचारले होते की मी भारतातून आलेली, मला इथली बंदुकीची संस्कृती कशी समजणार? मी त्यांना यवतमाळबद्दल सांगायला हवे होते. मी आकडे सांगितले.

जे थोडेफार बदलले ते त्या भूलतज्ज्ञामुळे. आमच्या भाषणांतले शब्द ऐकूनच निम्मे लोक कान बंद करतात, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सनेही पुढे हेच केले: बंदुका बाळगणाऱ्या सर्जनांनाच एकत्र बसवून उपाय लिहायला लावले. आमच्या या भूलतज्ज्ञ सहकाऱ्यांनी मला प्रश्न विचारायला शिकवले. 'घरात शस्त्र आहे का?' असे विचारले की माणसाला पोलीस आठवतो. त्याऐवजी, बंदुका असतीलच असे धरून, त्या कुठे ठेवता आणि गोळ्या वेगळ्या ठेवता का, असे विचारायचे. घरात कोणाचे दिवस वाईट चालले आहेत का, असे विचारायचे. आणि मग काही काळ किल्ली दुसऱ्या कोणाकडे देता येईल का, असे विचारायचे. आता आमच्या घरी पाठवण्याच्या कागदावर ही ओळ आहे. ती घालून घ्यायला तीन समित्या आणि चौदा महिने लागले. शेजारच्या पेटीत तारेची कुलपे असतात, फुकट. रेसिडेंट ती ओळ अनेकदा न विचारताच भरतात. मी कागद परत पाठवते, आणि माझ्या पाठीमागे ते मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, कारण सिस्टरांच्या पाठीमागे मी तेच म्हणत असे.

गेल्या हिवाळ्यात एकाहत्तर वर्षांचे एक गृहस्थ झाडावरच्या मचाणावरून पडून आमच्याकडे आले. सहा बरगड्या मोडलेल्या, मे महिन्यात भाऊ गेलेला, तेव्हापासून जेवण कमी झालेले, आणि प्रत्येक प्रश्नाला "ठीक आहे" हे उत्तर. कुलूप आहे का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "आहे ना." किल्ली कुठे असते, असे विचारल्यावर ते गप्प राहिले आणि खुर्चीतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "कुलपालाच." मी ओळीसमोर काही न लिहिता कागद तसाच ठेवला आणि बाहेर आले.

दोन दिवसांनी सकाळच्या फेरीला त्या मला दाराबाहेर भेटल्या. त्यांनी पर्स उघडून मला घराच्या, गाडीच्या आणि तळघराच्या किल्ल्यांचा जुडगा दाखवला. त्यात एक लहान पितळी किल्ली नव्याने अडकवलेली होती.

"त्यांनी अजून विचारलेलं नाही," त्या म्हणाल्या.